साडेतीन आण्यांची बाकी

मराठी माणूस परदेशी जाणाऱ्या बोटीवर पाऊल ठेवतो तेव्हा त्याच्या एका हातात ट्रंक असते आणि दुसऱ्या हातात, वरकरणी दिसत नसले तरी, प्रवासवर्णनाचे हस्तलिखित असते. बॅलार्ड पिअरवर आप्तेष्टांनी घातलेल्या हारांतला झेंडू अजून मान टाकीत नाही, मुंबईचे दिवे अजून पुरते मावळत नाहीत, तोच त्याला पहिल्या प्रकरणाचे नाव सुचते, आणि त्या नावात 'सागर' हा शब्द आणि त्यामागे एखादे भरघोस विशेषण असतेच असते. १९६२ च्या सप्टेंबरात मी विलायतेस निघालो तेव्हा माझ्या खिशात सरकारने मोठ्या मनाने नेऊ दिलेले ३ पौंड होते, ट्रंकेत आत्याने दिलेला गोडा मसाला होता आणि डोक्यात 'अफाट सागराच्या सान्निध्यात' हे प्रकरण संपूर्ण तयार होते. फक्त सागर पाहावयाचा राहिला होता. आमच्या घराण्यात तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास आजोबांच्या नावे जमा होता. ते एकदा काशीस जाऊन आले, त्यांनी मावंदे घातले आणि उरलेली तीस वर्षे त्या प्रवासाच्या व्याजावर ते सन्मानाने जगले. काशीचे व्याज जर तीस वर्षे पुरते, तर लंडनचे किती पिढ्यांना पुरेल, हा हिशेब मी सदाशिव पेठेतून टांगा हलण्यापूर्वीच करून ठेवला होता.

या हिशेबाला पहिला तडा एडनच्याही अलीकडे गेला. दुसऱ्याच दिवशी अफाट सागराने आपले सान्निध्य इतक्या जवळून दाखविले की मी बिछान्याला खिळलो आणि माझ्या पोटाने पुण्याशी असलेले सर्व संबंध तोडून टाकले. अशा अवस्थेत मला सुका टोस्ट आणि आल्याचा तुकडा आणून देणारा गृहस्थ म्हणजे आमच्या मजल्यावरचा गोवेकर स्ट्यूअर्ड. त्या काळी पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर भोजनगृहाची सारी चाकरी गोवेकरांकडे असे, ही गोष्ट मला ठाऊक होती. पण ठाऊक असणे निराळे आणि एका गोवेकराने आपल्या कपाळावर ओले फडके ठेवणे निराळे. साष्टी महालातल्या एका गावचा हा मनुष्य सव्वीस वर्षे समुद्रावर होता. युद्धात त्याच्या पायाखालची बोट दोनदा पाणतिराने बुडविली होती आणि दुसऱ्या खेपेस तो चार दिवस एका तराफ्यावर बसून होता. चार दिवस त्याने काय केले, असे मी विचारले तेव्हा, उत्तर देण्यासारखे त्यात काही नाही अशा मुद्रेने, "बसलो" एवढेच तो म्हणाला. या एका क्रियापदातून आमच्याकडच्या कोणत्याही लेखकाने दोन खंडी ग्रंथ काढला असता.

दोन सफरींच्या मधे तो मुंबईस धोबीतलावावर आपल्या गावच्या 'कूड' नावाच्या क्लबात राही. तिथे भिंतीला लावून प्रत्येकाची एकेक पेटी असते, संध्याकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणावयाची असते आणि गावातल्या भांडणांचा निकाल गावापेक्षा लवकर लागतो. टिलबरी बंदर त्याने चाळीसहून अधिक वेळा पाहिले होते. लंडन मात्र एकदाच, आणि तेही आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी. लंडन कसे आहे, या माझ्या उत्सुक प्रश्नावर त्याने पुष्कळ विचार केला आणि "वर पांढरे आहे," असे सांगितले. त्याने पाहिले होते ते इस्पितळाचे छत. पण त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रवास समुद्रावरचा नव्हताच. १९६१ च्या डिसेंबरात तो रात्री पाळी संपवून निजला तो पोर्तुगालचा प्रजाजन म्हणून, आणि दोन दिवसांनी बिनतारी यंत्रावरून बातमी कळली तेव्हा तो भारतीय नागरिक झालेला होता. घर तेच, विहीर तीच, शेजाऱ्याशी चाललेला नारळांचा दावाही तोच; देश तेवढा दुसरा. "मी इतका फिरलो," तो म्हणाला, "आणि शेवटी फिरला कोण, तर गाव!"

हे वाक्य मी तत्काळ वहीत टिपून घेतले. ते माझे नव्हते म्हणून टिपावेसे वाटले, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

लंडनातले पहिले दोन आठवडे कसे गेले, हे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी ते भोगले आहेत त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी भोगले नाहीत त्यांना ते विनोदी वाटेल. भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या वाचीत हिंडणे हा त्या काळी तिकडच्या हिंदी विद्यार्थ्याचा प्रधान व्यवसाय होता. पाटीच्या पहिल्या ओळीत खोली असे आणि दुसऱ्या ओळीत ती आपल्यासाठी नसे. अखेर महाराष्ट्र मंडळात भेटलेल्या एका सद्गृहस्थाने हॅमरस्मिथमधल्या एका पोलिश घराचा पत्ता दिला आणि "ते लोकही परकेच आहेत, ते घेतील," असे कारण सांगितले. शिफारशीचा हा प्रकार मला तितकासा रुचला नाही. पण ३ पौंडांपैकी उरलेल्या शिलिंगांनी माझ्या रुचीवर मात केली.

दार उघडले ते पस्तिशीच्या घरातल्या, सोनेरी केसांच्या एका उंच बाईने. तिने मला तीन जिने चढवून माळ्यावरची खोली दाखविली. खोलीस एक तिरपे छत होते, एक खिडकी होती, तिच्या चौकटीतून बोटभर वारा आत येत होता आणि कोपऱ्यात एक शिलिंग टाकल्याखेरीज ऊब न देणारे गॅसचे मीटर होते. आण्या-पैच्या जाचातून आपला देश १९५७ साली सुटला आणि मी शिलिंग-पेन्सांच्या जाचात येऊन पडलो, या विचाराने, आणि मुख्यतः त्या तीन जिन्यांच्या श्रमाने, मी स्वतःशीच पुटपुटलो : "काय ही थंडी, आणि काय हे घर!"

"घर नगं असंल तर दुसरं बघा की," बाई म्हणाली.

वाचकहो, पृथ्वीवरच्या अनेक नामांकित आश्चर्यांपुढे मी त्यानंतर उभा राहिलो आहे. पण माझी बोबडी त्या एका आश्चर्यापुढेच वळली. हॅमरस्मिथच्या माळ्यावर, निळ्या डोळ्यांच्या एका पोलिश बाईच्या तोंडून, शुद्ध नव्हे पण अस्सल, असे करवीरी मराठी! मी काही तरी बोलावे म्हणून, आपण महाराष्ट्रात वास्तव्य केलेले दिसते, असे विचारले. तिने माझ्याकडे किंचित कीव आल्यासारखे पाहिले. "कसलं वो तुमचं ह्ये मराठी, छापल्यावानी," ती म्हणाली. "पुण्याचं व्हय? बसा. च्या घेतासा का?"

तिला काय म्हणून हाक मारावी हा प्रश्न तिनेच सोडविला. तिच्या पोलिश नावात चार-पाच व्यंजने एकमेकांचे हात धरून अशी उभी होती की त्यांच्यातून स्वराला वाट काढणे कठीण होते. वळिवड्यास भाजीवालीची लेक आपल्याला 'अक्का' म्हणत असे, तेव्हा तुम्हीही तेच म्हणा, असा तिने हुकूम केला, आणि मी तो आजतागायत पाळीत आलो आहे.

वळिवडे! पुण्याच्या माणसाला कोल्हापूर ठाऊक असते ते अंबाबाई, गूळ, चपला आणि पैलवान या चार कारणांनी. त्या कोल्हापूरपासून थोड्याच अंतरावर, मिरजेच्या लोहमार्गावर, वळिवडे नावाचे एक स्टेशन आहे, आणि १९४३ पासून १९४८ च्या आरंभापर्यंत तिथे जवळजवळ ५००० पोलिश निर्वासितांची, बहुतांशी बायकामुलांची, वसाहत होती. तिच्यात शाळा होत्या, इस्पितळ होते, देऊळ होते, नाटकगृह होते. हे सारे मी शाळेत जात असताना, माझ्या घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर घडत होते, आणि ते मला कळावयाला सहा हजार मैलांवर जाऊन माळ्यावरची खोली घ्यावी लागली.

मात्र ही हकीकत अक्काने मला एका बैठकीत सांगितली, असे कोणी समजू नये. कहाणी सांगण्याची हौस आपल्याला असते. तिला ती नव्हती. तिच्या तोंडून ती निघाली ती थंडीमुळे. त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लंडनवर जे बर्फ पडले ते मार्च लागेपर्यंत हटावयाला तयार नव्हते. नळ गोठले, दूधवाल्याच्या बाटल्यांतून दुधाने टोपणासकट मान वर काढली आणि माझे मीटर शिलिंगामागून शिलिंग गिळू लागले. घरातली सारी भाडेकरू मंडळी तळघरातल्या स्वयंपाकघरात एका शेगडीभोवती जमू लागली. मी दोन स्वेटर, एक कोट आणि आत्याची शाल अशा लवाजम्यानिशी खाली उतरून, असली थंडी मानवी इतिहासात पडली नसेल, असे विधान केले. शेगडीजवळ अक्काची आई बसली होती. साठी उलटलेली, डोक्याला रुमाल बांधलेली ही म्हातारी सहसा बोलत नसे. तिने लेकीकडून माझ्या वाक्याचा अर्थ समजावून घेतला आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. "आई म्हंती," अक्का पाणी देत म्हणाली, "थंडी म्हंत्यात व्हय हिला?"

ल्वूव शहराजवळच्या एका खेड्यात अक्काचे वडील जंगलखात्यात नोकर होते. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मन आणि पूर्वेकडून रशियन असे दोन यजमान एकाच महिन्यात आले, आणि १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री बंदुकांचे दस्ते दारावर वाजले. त्या पहिल्या खेपेत, जमिनी मिळालेले जुने सैनिक आणि जंगलखात्याची माणसे यांना कुटुंबकबिल्यासह उचलण्यात आले. गुन्हा विचारण्याची सोय नव्हती. सामान बांधावयाला अर्धा तास मिळाला. आता अर्ध्या तासात मनुष्य काय बांधतो, हे त्याच्या बुद्धीवर नसून त्याच्या हातावर अवलंबून असते. म्हातारीच्या, म्हणजे त्या वेळच्या तरुण आईच्या, हाताला पिसांची दुलई लागली, एक पाव लागला आणि कॉफी दळण्याचे लाकडी यंत्र लागले. घरात कॉफी नव्हती. जिथे जावयाचे होते तिथे कॉफी असण्याचा संभव नव्हता. तरी ते यंत्र मालगाडीच्या डब्यातून अर्खांगेल्स्कच्या अरण्यात गेले, आणि उणे ४० अंशांपर्यंतच्या थंडीत झाडे तोडण्याचे काम चालू असताना लाकडी बराकीत एका खिळ्याला लटकत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात वडील गेले. अक्काने हे सांगितले तेव्हा ती बटाटे सोलीत होती. तिची सुरी थांबली नाही आणि सालही जाड झाले नाही.

१९४१ मध्ये जर्मनांनी रशियावर स्वारी केली, कालचे कैदी आजचे दोस्त झाले आणि पोलिश लोकांना 'माफी' मिळाली. कशाबद्दलची माफी, हे आपल्याला अजून समजलेले नाही, असे अक्का म्हणे. मायलेकी हजारो मैल दक्षिणेस उझबेकिस्तानात उतरल्या, विषमज्वरातून वाचल्या आणि १९४२ च्या ऑगस्टात कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पहलवी बंदरावर उतरल्या. मग इस्पहान, मग कराची, मग आगगाडी आणि शेवटी वळिवडे. म्हातारीच्या पिशवीतले यंत्र तिथे प्रथमच उपयोगास आले. तिने त्यात मिरच्या दळल्या.

त्या रात्री मी माळ्यावर जाऊन नकाशा पसरला. त्यावर माझा प्रवास मी लाल पेन्सिलीने यापूर्वीच रेखलेला होता. मुंबईपासून टिलबरीपर्यंत एक सुबक, भरदार रेघ, प्रत्येक बंदराशी एक टिंब. तिच्याशेजारी मी अक्काचा प्रवास निळ्या पेन्सिलीने काढू लागलो. निळी रेघ वर गेली, आडवी गेली, खाली घसरली, पाण्यातून निघाली, वाळवंटात शिरली, पंचगंगेकाठी पाच वर्षे थांबली आणि पुन्हा निघाली. आणि हे सर्व करून ती आली त्याच घरात, ज्याच्यातल्या माळ्यावर लाल रेघेचे मालक पराक्रमाच्या भावनेने बसले होते. पेन्सिलीला दोनदा टोक करावे लागले. खिडकीच्या चौकटीतून वारा येतच होता. मी 'अफाट सागराच्या सान्निध्यात' या प्रकरणाचे सोळा ताव काढले, त्यांच्या चार-चार घड्या घातल्या आणि त्या फटीत ठोसून बसविल्या. वाऱ्याचा जोर निम्म्याने तरी कमी झाला. त्या लेखनाचा याहून अधिक लोकोपयोग झाला असता असे मला वाटत नाही.

अक्काचे यजमान रात्रपाळीला एका कारखान्यात असत आणि पहाटे सहाला घरी येत. हा अबोल, रुंद खांद्यांचा गृहस्थ पोलिश फौजेबरोबर इटलीत लढला होता. १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासीनोचा मठ ज्या पलटणींनी सर केला त्यांच्यात तो होता. मी कोण, कुठला, हे पहिल्या दिवशी त्याला समजावून दिल्यावर त्याचा चेहरा उजळला, तो टाचा जुळवून उभा राहिला आणि जिन्यात उभे राहून त्याने "शिवाजी महाराज की जय!" अशी गर्जना केली. इटलीत कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी मराठा पलटणीचे जवान शेजारी होते, त्यांच्याकडून उचललेले हे त्याचे एकमेव मराठी. त्याच इटलीत त्या पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो पुष्कळ वेळ मान हलवीत राहिला. त्या दिवसापासून पहाटे सहाला, कामावरून दमून आलेला तो पोल मला जिन्यात भेटला की छत्रपतींचा जयजयकार होई, आणि खालच्या मजल्यावरचा इंग्रज पेन्शनर भिंतीवर काठी आपटी.

या इंग्रज पेन्शनराविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे आहे, कारण त्याचाही प्रवास मोठा होता. त्याने पुण्याच्या छावणीत आणि इतरत्र मिळून बावीस वर्षे काढली होती. बावीस वर्षांत त्याने आपल्या देशाच्या भाषेतले चार शब्द मिळविले होते आणि चारही आज्ञार्थी होते. लाओ, जाओ, जल्दी, आणि चौथा मी इथे लिहीत नाही. अक्का त्याला गरम सूप नेऊन देत असे. तो तिला 'परदेशी बाई' म्हणे. पण त्या हिवाळ्यात तोही शेगडीपाशी आला, त्याने गेलेल्या पत्नीच्या हातच्या लोणच्याची आठवण काढली आणि ती पत्नी वेंगुर्ल्याच्या बाजूची होती असे कळले. हे त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, हे आम्ही विचारले नाही.

आमची मैत्री जमली ती मात्र तत्त्वज्ञानावर नव्हे, पाकक्रियेवर. अक्काने पहिल्या रविवारी माझ्यापुढे लालभडक पातळ पदार्थाचा वाडगा ठेवला. मी तो कोकमाचे सार समजून एका घोटात अर्धा रिता केला आणि ते बिटाचे 'बार्श्च' निघाले. दुसऱ्या रविवारी आल्या करंज्या. पण तळलेल्या नव्हेत, उकडलेल्या, आत बटाटा आणि कांदा भरलेल्या. हिला करंजी म्हणावे की मोदक, यावर आमचा तासभर वाद झाला. पोलिश लोक या पदार्थास 'पियेरोगी' म्हणतात, आणि त्यासोबत म्हातारीने त्या लाकडी यंत्रात दळलेली कांदा-लसणाची चटणी वाढली, तेव्हा वादाचा आपोआप फडशा पडला. त्या यंत्राचा दांडा फिरवावयाचे काम पुढे तीन वर्षे माझ्याकडे होते. दांडा अर्ध्यावर एकदा अडकतो. तिथे त्याला थोडे मागे घेऊन मग पुढे रेटावे लागते. हे मला अजून हाताला आठवते.

म्हातारीचे मराठी लेकीसारखे सर्वांगीण नव्हते. ते बाजारापुरते होते, पण त्या क्षेत्रात तिचा अधिकार निर्विवाद होता. शेफर्ड्स बुशच्या बाजारात ती माझ्या हाताला धरून जाई, कोबीचा गड्डा उचलून दोन्ही हातांनी दाबून पाही आणि दुकानदाराच्या तोंडावर "लई म्हाग!" म्हणून तो परत ठेवी. इंग्रजी तिला पंधरा वर्षांत आले नव्हते आणि त्याची तिला गरजही भासली नव्हती. घासाघीस करावयाची ती मराठीत, अशी तिची पक्की धारणा होती. आश्चर्य असे की दुकानदार भाव उतरवी.

ती मला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारी. कोल्हापूरचे राजे बरे आहेत ना? संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, मग मुंबई राज्य झाले, मग द्विभाषिक झाले आणि आता महाराष्ट्र झाला आहे, हे मी तिला तीनदा सांगितले. चौथ्यांदा तिने हात हलवून मला गप्प केले. तिचे पोलंडातले गाव युद्धानंतर सीमेपलीकडे रशियाच्या पदरात पडले होते, आणि म्हणून तिला परत जाण्यासारखे घर उरले नव्हते. आणखी एक गाव असे जागच्या जागी पळून गेल्याचे ऐकावयाची तिची तयारी नव्हती. मला एकदम तो गोवेकर स्ट्यूअर्ड आठवला. या दोघांना एका बाकावर बसविले असते तर त्यांना कोणतीही भाषा लागली नसती.

१९६५ साली मी परत निघालो तेव्हा म्हातारीने मला जवळ बसविले, रुमालाची गाठ सोडली आणि तिच्यातून जुना, झिजलेला, ब्रिटिश अमदानीतला एक रुपया काढून माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटले, आशीर्वाद. अक्काने खुलासा केला. वळिवड्याची छावणी सुटावयाच्या आदल्या संध्याकाळी म्हातारीने भाजीवालीकडून वांगी आणि कोथिंबीर घेतली होती. हिशेब झाला साडेतीन आणे. म्हातारीजवळ मोडलेला रुपया नव्हता, भाजीवालीजवळ सुटे नव्हते. "ऱ्हाऊ द्या, उद्या द्या," असे म्हणून ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी ती यावयाच्या आत मुंबईकडे जाणारी गाडी सुटली. ही गोष्ट म्हातारीने गेल्या सतरा वर्षांत निदान शंभरदा पाद्र्यापाशी कबूल केली होती. पाद्र्याने पापाची क्षमा केली होती. "पर बाकी तशीच ऱ्हायली न्हवं?" म्हातारी म्हणाली, लेकीच्या मदतीवाचून उच्चारलेले तिचे हे सर्वांत लांब मराठी वाक्य.

पुण्यास पोचल्यावर स्वागत, हार, पेढे इत्यादी यथासांग झाले. आत्याने मावंदे घालण्याची सूचना केली. मी आधी कोल्हापूरची गाडी पकडली.

वळिवड्याच्या छावणीच्या जागी आता गांधीनगर आहे. पोलिश लोक गेले आणि त्यांच्या बराकींतून फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची बिऱ्हाडे लागली. अक्काने कागदावर काढून दिलेल्या नकाशाने मी ज्या कौलारू बराकीपाशी पोचलो तिच्या ओसरीवर कापडाचे गठ्ठे रचलेले होते. मालक सिंधी व्यापारी. त्याने प्रथम मला मापाची पट्टी दाखविली. पण मी कापड घेणार नाही असे कळल्यावरही त्याचा आदर कमी झाला नाही, आणि पापड व पाणी पुढे आले. मी हकीकत सांगितली. तो स्वतः कराचीचा. कराचीतून निघून वणवण करीत तो या खोलीत आला तेव्हा दाराच्या चौकटीवर चाकूने कोरलेले एक नाव होते. अक्षरे इंग्रजी, पण वाचता येत नसत. त्याने रंग देताना तेवढी चौकट सोडली होती. का सोडली, तर "कोणाचे तरी घर होते," असे तो म्हणाला. मी जवळ जाऊन पाहिले. व्यंजने एकमेकांचे हात धरून उभी होती.

भाजीवालीविषयी मात्र त्याला काही सांगता येईना. मी उचगावात विचारले, चिंचवाडात विचारले, वळिवडे गावात तर प्रत्येक ओट्यावर विचारले. पोलिश लोक सर्वांना आठवत होते. गोऱ्या बायका सायकलवरून रंकाळ्यावर जात, त्यांचा बँड फार चांगला होता, त्यांतल्या काहींनी इथल्याच तरुणांशी लग्ने केली, असे सांगणारे पुष्कळ भेटले; परंतु सतरा वर्षांपूर्वीची साडेतीन आण्यांची उधारी माझीच, असे म्हणणारे एकही प्रामाणिक वा अप्रामाणिक माणूस निघाले नाही. मी तसे लंडनला कळविले. उलट टपाली आलेल्या पत्रात अक्काने आईचा हुकूम कळविला होता, की शोध चालू ठेवावा आणि रुपया मोडू नये.

म्हणून हा लेखनप्रपंच. १९४७-४८ च्या सुमारास वळिवड्याच्या पोलिश छावणीत भाजी विकावयास येणारी, हनुवटीवर गोंदण असलेली, डाव्या कानातली बुगडी हरवलेली आणि सोबत सात-आठ वर्षांची बडबडी मुलगी आणणारी बाई, अथवा ती हयात नसल्यास तिचे वारस, कोणाच्या माहितीत असतील तर त्यांनी कृपा करून संपादकांच्या पत्त्यावर मला लिहावे. मूळ रक्कम साडेतीन आणे, म्हणजे आजच्या हिशेबाने २२ पैसे, तयार आहे. व्याजाची मागणी झाल्यास म्हातारीची सूचना अशी आहे की, "लई म्हाग" म्हणून एकदा परत ठेवून पाहावे.